वाझ ते एस्को: पाणी यायच्या आधीचा कालवा

पहिला दिवस: काँपिएन ते पासेल

काँपिएनच्या थोडं वर, क्लेरवाजवळ एन नदी वाझ नदीला मिळते. उत्तर फ्रान्समधल्या सेन-नॉर युरोप कालव्याचं दक्षिण टोक या भागात आहे. इथून तो कांब्रेजवळच्या ओबांशल-ओ-बाकपर्यंत जायचा आहे: लांबी १०७ किलोमीटर, पाण्याच्या पातळीवर रुंदी ५४ मीटर, खोली साडेचार मीटर. वाटेत सहा मोठी लॉक (बोटी एका पातळीवरून दुसरीवर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या पेट्या) आणि साठाहून अधिक पूल. १८५ मीटर लांबीचा, ४,४०० टनांपर्यंत माल नेणारा बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींचा, ताफा जावा म्हणून ही सगळी मापं.

उत्तरेकडे निघण्यापूर्वी दक्षिणेकडे एकदा पाहून घ्यावं. काँपिएनपासून क्रेपर्यंतची ४२ किलोमीटर वाझ अजून पुरेशी खोल नाही. ती खोल करण्याचं काम वेगळा प्रकल्प म्हणून, वेगळ्या यंत्रणेकडे आहे. ते मागे पडलं तर नव्या कालव्यात ४,४०० टनांचा बार्ज तरंगेल खरा, पण पॅरिसकडे जाताना त्याला माल कमी करूनच निघावं लागेल. जलमार्गाची क्षमता त्यातल्या सर्वांत उथळ पट्ट्यावर ठरते, आणि कालव्याच्या जाहिरातीत हा पट्टा सहसा दिसत नाही.

जाहिरातीतला दुसरा लाडका आकडा म्हणजे ‘एक बार्ज म्हणजे २२० ट्रक’. हा हिशोब ट्रकमागे २० टन धरून केलेला आहे. फ्रान्समध्ये पाच आसांच्या गाडीला एकूण ४४ टन वजनाची परवानगी आहे, म्हणजे निव्वळ माल २८ टनांच्या आसपास. तसं धरलं तर ट्रक १५७ होतात. कमी नाहीतच, पण २२० सुद्धा नाहीत.

लाँगेय-आनेल हे बार्जवाल्यांचं गाव. वाझच्या कडेने जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या दोन्ही काठांना घरं आणि मधे बार्ज-संग्रहालय. इथल्या कुटुंबांच्या पारंपरिक बार्जची मापं म्हणजे ३८.५ मीटर लांबी, ५.०५ मीटर रुंदी आणि २५० ते ३५० टन माल. एकोणिसाव्या शतकात फ्रेसिने या मंत्र्याच्या कायद्याने लॉकचं माप ठरलं आणि बोटी त्या मापाच्या झाल्या. नवा कालवा त्यांना बंद नाही. अडचण दराची आहे. मोठ्या बार्जवर माणसं थोडीच जास्त लागतात, माल मात्र बारा-पंधरा पट जातो, त्यामुळे टनामागचा दर खाली येतो. लहान बार्जवाल्याकडे मग उरतात त्या अरुंद फाट्यांवरच्या फेऱ्या. मोठ्या जलमार्गावर पैसा खर्च होत असताना या फाट्यांचा गाळ वेळेवर काढला नाही, तर तेही हातचे जातात. मोठी बोट घ्यायची तर कर्ज मोठं, आणि ज्यांची बोटच घर आहे त्यांना ती विकणं म्हणजे घर विकणं.

तुरोत, मोंमाक, रिबेकूर. इथे प्रत्यक्ष बांधकाम दिसतं, कारण पासेलपर्यंतच्या या १८.६ किलोमीटरच्या टप्प्याला २०२१ मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली आणि २०२२ पासून कामं सुरू झाली. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो: सपाट शेतात, खाली ना पाणी ना खड्डा, आणि वर पूल. कामाचा क्रम मुद्दाम असा ठेवतात. कोरड्या जमिनीवर पूल बांधणं स्वस्त पडतं, आणि वाहतूक नव्या पुलावर वळवल्याशिवाय जुना रस्ता तोडता येत नाही. शिवाय पूल झाला की मातीचे डंपर गावातून न जाता कालव्याच्याच पट्ट्यातून पळवता येतात. हा क्रम चुकला की गावकऱ्यांना वळसा पडतो. मोटारीला पाच-सहा किलोमीटरचा वळसा फारसा जाणवत नाही, पण बीट काढणाऱ्या यंत्राला आणि शाळेच्या बसला जाणवतो. म्हणून पुलाच्या बैठकीत गावाने सर्वांत आधी पुलाची निव्वळ रुंदी विचारावी. कठड्यांमधलं अंतर कमी पडलं तर शेतकऱ्याला फवारणी यंत्राचे हात दुमडून, समोरची वाहतूक थांबवून जावं लागतं. हे आराखड्यावर दिसत नाही, पहिल्या हंगामात कळतं.

वाझचं खोरं पुराचं आहे. डिसेंबर १९९३ आणि १९९५ च्या सुरुवातीचा पूर इथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. पूरमैदानात टाकलेला प्रत्येक घनमीटर भराव पुराच्या पाण्याची तेवढी जागा खातो, म्हणून तेवढीच जागा त्याच पातळीवर दुसरीकडे खोदून द्यावी लागते. ‘त्याच पातळीवर’ हे शब्द महत्त्वाचे. खालच्या पातळीवर खोदलेला खड्डा पूर चढायच्या आधीच भरलेला असतो, त्याचा उपयोग शून्य. खोऱ्यात वाळू-खडीच्या जुन्या खाणींची तळी भरपूर आहेत. कागदावर ती साठवणीची जागा वाटतात, प्रत्यक्षात त्यांत भूजलाचं पाणी कायम उभं असतं.

ऊर्सकांच्या मठाचे उघडे दगडी कमानखांब पाहून पासेलला मुक्काम.

दुसरा दिवस: न्वायाँ ते नेल

न्वायाँच्या दक्षिणेला पाँ-लेव्हेक इथे जुना ‘कानाल द्यू नॉर’ सुरू होतो. नवा कालवा का हवा, हे समजायला तो पाहावाच लागतो. काम १९०८ मध्ये सुरू झालं, पहिल्या महायुद्धाने थांबलं आणि कालवा उघडला १९६५ मध्ये. ९५ किलोमीटर, १९ लॉक, दोन बोगदे. लॉकची पेटी सुमारे ९१ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे एका खेपेला साधारण ७०० टन. दक्षिणेला सेन आणि उत्तरेला डंकर्क-एस्को हे दोन्ही मोठ्या बोटींचे जलमार्ग आहेत, पण मधली ही नळी अरुंद. ला पानेत्रीचा १,०६१ मीटरचा बोगदा याच भागात येतो.

बारगळण्याचा वारसा नव्या कालव्यालाही आहे. सार्वजनिक हिताची घोषणा, म्हणजे भूसंपादनाला वाट मोकळी करणारा सरकारी आदेश, २००८ ची. खासगी भागीदारीतून बांधायचा बेत खर्चाचा अंदाज फुगल्यावर २०१३ मध्ये सोडून दिला. मग जुन्या कालव्याचे काही भाग वापरून मार्ग बदलला आणि २०१७ मध्ये सुधारित घोषणा झाली. २०१९ च्या करारात खर्च ५.१ अब्ज युरो होता. नंतर आकडाही चढला आणि उद्घाटनाची तारीखही २०३० च्या पलीकडे सरकली. या लांबणीची किंमत मार्गावरच्या गावांनी आधीच मोजली आहे. पट्ट्यातल्या घराला गिऱ्हाईक नाही, शेतात नवी ठिबक किंवा निचऱ्याची नळी घालायची तर ‘कालवा आला तर?’ हा प्रश्न. जमीन ताब्यात घेतली की निदान मोबदला मिळतो. ती वर्षानुवर्षं नुसती आखलेली राहिली की तोही मिळत नाही.

कातिन्यीपासून पुढे पठार सुरू होतं: बीट, गहू, बटाटा. माती लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेला बारीक गाळ, युरोपातल्या उत्तम मातींपैकी. इथे भूसंपादनापेक्षाही गावांचा जीव गुंततो तो जमीन एकत्रीकरणात, म्हणून त्याच्याकडे जरा नीट पाहायला हवं.

५४ मीटर पाणी म्हटलं तरी बांध, सेवारस्ते आणि उतार धरून पट्टा त्याच्या कितीतरी पट रुंद होतो. तो शेतांना तिरका कापतो. एका बाजूला त्रिकोणी तुकडा उरतो, जिथे यंत्र वळतही नाही. दुसऱ्या बाजूच्या शेताला वाटच राहत नाही. अशा वेळी फ्रेंच कायद्यानुसार प्रकल्पाने स्वतःच्या खर्चाने शेतांची फेरमांडणी करून द्यायची असते. आधी गावाची समिती बसते. तिचा अध्यक्ष गावचा महापौर नसून बाहेरून नेमलेला चौकशी आयुक्त असतो. शेजाऱ्यांची भांडणं शेजाऱ्याने सोडवू नयेत हा हेतू. मग समिती दोनपैकी एक मार्ग निवडते. पहिल्यात पट्टा फेरमांडणीच्या बाहेर ठेवतात आणि ज्याची जमीन गेली तोच सोसतो. दुसऱ्यात पट्टा आत घेऊन तोटा सगळ्यांत वाटतात, आणि कोणाचीही कपात वीसाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे ५ टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. त्यासाठी फेरमांडणीचं क्षेत्र पट्ट्याच्या किमान वीसपट लागतं. कालव्यापासून दोन गावं लांबचा शेतकरी म्हणूनच चिडतो: त्याच्या शेताला कालवा शिवतही नाही, तरी थोडी जमीन जाते.

अदलाबदल हेक्टरला हेक्टर होत नाही. मातीची प्रतवारी करून, उत्पादकतेच्या गुणांवर होते. भांडणं जुंपतात ती इथेच. प्रतवारीसाठी खड्डे कोणत्या महिन्यात खणले, खाली निचऱ्याची नळी होती का, बटाट्याला लागणारी विहीर कोणाकडे गेली, यावर दहा-दहा वर्षांचं उत्पन्न ठरतं. नकाशा लागला की आक्षेपांची मुदत चालू होते. तेव्हा जुने निचरा-नकाशे आणि विहिरीच्या नोंदी घेऊन जो जातो त्याचं ऐकलं जातं. नुसतं ‘माझी माती चांगली होती’ म्हणून भागत नाही. नव्या शेताचा ताबा पीक काढल्यावर मिळतो, म्हणून बीट उशिरा निघालं की शेजाऱ्याचा गहू उशिरा पेरला जातो.

मोबदल्यात मालक आणि कूळ वेगळे. मालकाला जमिनीची किंमत, कसणाऱ्या कुळाला हुसकावल्याची भरपाई. या भागात कुळाने कसलेली जमीन पुष्कळ आहे, म्हणून हा भेद कागदी नाही. कुळाला पैशांपेक्षा पर्यायी जमीन हवी असते. त्यासाठी साफेर ही जमीन-संस्था बाजारात येणारी शेतं आधीपासून विकत घेऊन साठा करते आणि अदलाबदलीत घालते. साठा पुरेसा असला तर फेरमांडणी सुरळीत होते. पण एकाच भागात एवढी मोठी गिऱ्हाईक संस्था उतरल्यावर नव्याने शेतीत येणाऱ्या तरुणाला जमीन मिळणं अवघड जातं, हेही खरं.

नेल इथे चार नियोजित अंतर्गत बंदरांपैकी एक. इतर तीन न्वायाँ परिसर, पेरॉन आणि मार्कियाँ इथे. लांगव्वाझँचा सायलो जुन्या कालव्यावर आधीच उभा आहे, त्यामुळे धान्यवाल्यांना या कालव्याचा फायदा समजावून सांगावा लागत नाही. बाकी गावांची गोष्ट वेगळी. कालवा १०७ किलोमीटर असला तरी माल चढतो-उतरतो तो फक्त धक्क्यावर. धक्का शेतापासून पाच-दहा किलोमीटरवर असेल तर धान्य पाण्याने जातं. तीसवर असेल तर ट्रक एकदा भरलाच आहे म्हणून तो थेट बंदरापर्यंत पळवणं परवडतं. दोन धक्क्यांच्या मधल्या गावाला कालव्यातून मिळतो पूल, सायकलवाट आणि काही वर्षांची धूळ.

तिसरा दिवस: पेरॉन आणि आलेन

सॉम नदीचं खोरं म्हणजे तळी, बोरू, ईल मासे आणि काळं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती. कालवा हे खोरं पेरॉनजवळ पाण्याच्या पुलावरून ओलांडणार आहे, लांबी सुमारे १,३३० मीटर. जर्मनीतल्या माग्देबुर्गचा प्रसिद्ध कालवा-पूल ९१८ मीटरचा आहे.

अशा पुलावर बार्ज आली की खांबावरचं वजन वाढत नाही, ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. ओझं आहे ते पाण्याचंच: साडेचार मीटर खोलीला दर चौरस मीटरमागे साडेचार टन, रात्रंदिवस. रस्त्याच्या पुलावर एवढा भार सलग कधीच उभा राहत नाही. दुसरी डोकेदुखी सांध्यांची. १,३३० मीटर लांबीत ४० अंशांच्या फरकाने एकूण अर्धा मीटरहून जास्त आकुंचन-प्रसरण होतं. ते पुलाच्या सांध्यांनी पोटात घ्यायचं आणि तरी पाणी गळता कामा नये. भरलेल्या पुलाला पाणी थंड ठेवतं. दुरुस्तीसाठी रिकामा केला की ऊन थेट लागतं आणि सांध्यांची खरी परीक्षा होते.

खाली पीट. त्यावर भराव टाकला की तो महिनोन्महिने खचत राहतो आणि कडेची माती फुगून वर येते. खांब पाइलवर, म्हणजे खोल रोवलेल्या खुंटांवर, उभे करून खालच्या खडूच्या (मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या) थरापर्यंत नेता येतात. क्रेनसाठीचा तात्पुरता रस्ता मात्र पिटावरच टाकावा लागतो, आणि नुकसान बहुधा तोच करतो. त्याने तळ्यातळ्यांमधला प्रवाह अडला की एका बाजूला पाणी तुंबतं, दुसरीकडे पीट वाळून आक्रसतं. वाळलेलं पीट पुन्हा पूर्ववत फुगत नाही. मासेमारी संघटनांनी रस्त्याखालच्या पाइपांची संख्या आणि पातळी मागून घ्यावी ती यासाठीच.

आलेनजवळ जलाशय बांधायचा आहे, क्षमता १.४ कोटी घनमीटर. कालव्याला पाण्याचा स्रोत वाझ नदी. ती भरून वाहत असताना पंपाने पाणी चढवायचं आणि नदी आटली की जलाशयातलं वापरायचं, अशी व्यवस्था.

पाणी किती लागेल, याचा ढोबळ हिशोब कोणालाही करता येतो. १०७ किलोमीटर गुणिले ५४ मीटर म्हणजे सुमारे ५७८ हेक्टर पाण्याचा पृष्ठभाग. दिवसाला एक मिलिमीटर बाष्प म्हणजे ५,७८० घनमीटर. उन्हाळ्यात तीन-चार मिलिमीटर सहज. पण खरा खर्च झिरपण्याचा. खालचा खडू भेगाळ आहे, म्हणून तळाला अस्तर हवंच. समजा अस्तराची जाडी अर्धा मीटर आणि पाझरक्षमता सेकंदाला एका मीटरचा दहा कोटींवा भाग. तर दिवसाला साधारण पन्नास हजार घनमीटर गळतं, म्हणजे सेकंदाला अर्ध्या घनमीटरहून थोडं अधिक. हेच अस्तर दहापट पाझरू लागलं तर गळती सेकंदाला सुमारे ५.८ घनमीटर होते, आणि कोरड्या उन्हाळ्यात वाझमधून तेवढं उचलणं कोणी खपवून घेणार नाही. सगळा कालवा त्या एका शून्यावर उभा आहे.

अस्तरासाठी स्थानिक लोएसमध्ये चुना किंवा सिमेंट मिसळून थराथराने दाबतात. जिथे जमत नाही तिथे काँक्रीट किंवा जलरोधक पडदा. लोएसची खोड अशी की ओलावा दोन-तीन टक्क्यांनी वाढला तरी रोलरखाली तो लगद्यासारखा हलतो, आणि कोरडा पडला तर ढेकळं नीट जुळत नाहीत. म्हणून माती-काम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. पावसाळी उन्हाळा आला की ठेकेदार चुन्याचं प्रमाण वाढवतो. चुना वाऱ्याने उडून शेजारच्या पिकावर आणि घरांवर बसतो. जोराच्या वाऱ्यात चुना पसरायचा नाही ही अट करारात असते. ती पाळली जाते का, हे गावानेच पाहायचं.

लॉकचं पाणी वेगळं. पेटी १९५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद, आणि उंच लॉकला उतार पंचवीस मीटरच्या घरात. एकदा रिकामी केली तर सुमारे ६१,००० घनमीटर पाणी खाली जातं. हे वाचवायला शेजारी हौद बांधतात. पेटीतला वरचा थर सर्वांत वरच्या हौदात, पुढचा त्याखालच्यात, आणि उरलेलंच खाली सोडायचं. भरताना उलट क्रम. पेटीएवढ्याच क्षेत्रफळाचे तीन हौद असतील तर ६० टक्के पाणी वाचतं, पाच असतील तर ७१. प्रत्येक वाढीव हौदाने बचत थोडी आणि झडपा, वेळ, दुरुस्ती जास्त वाढते, म्हणून कुठेतरी थांबावं लागतं. खाली गेलेलं पाणी पंपाने परत वर, आणि ते विजेचं बिल कालवा असेतो चालू.

चौथा दिवस: म्वालँ, रुयोकूर, मार्कियाँ

जुना कालवा रुयोकूरला डोंगरधारेखालून ४,३५० मीटरच्या बोगद्यात शिरतो. नवा कालवा ही धार उघड्या खोल खोदाईने कापणार. बोगद्याने वरची शेतं शाबूत ठेवली होती, खोदाई ठेवणार नाही. खोदाई भूजलाच्या पातळीजवळ गेली की आजूबाजूच्या विहिरी उतरण्याची भीती. त्यासाठी काम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून निरीक्षण-नळ्यांत पातळी मोजावी लागते. खडूतलं भूजल ओल्या-कोरड्या वर्षांगणिक इतकं वरखाली होतं की एक-दोन वर्षांच्या नोंदींवर ‘कालव्यामुळे विहीर आटली’ हे सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. आपल्या विहिरीची पातळी दर महिन्याला तारखेसह लिहून ठेवणं हा शेतकऱ्याकडचा सर्वांत स्वस्त पुरावा.

आव्रँकूर, बुर्लाँ. २७ सप्टेंबर १९१८ ला कॅनडाच्या फौजांनी कानाल द्यू नॉर ओलांडला तो याच भागात, अर्धवट बांधलेल्या कोरड्या पात्रातून. त्या युद्धाचे न फुटलेले तोफगोळे अजून मातीत आहेत. म्हणून खोदाईपूर्वी चुंबकीय मोजणी होते. संशयास्पद ठिकाणं नकाशावर घेऊन एकेक उघडतात; सापडलेलं सरकारी पथक नेतं. मोजणीला खोलीची मर्यादा असते, त्यामुळे एक थर काढला की पुन्हा मोजायचं. तारेचे तुकडे, नांगराचे फाळ, नाल सगळेच इशारा देतात, आणि बहुतेक खड्डे निरुपयोगी निघतात. कामाची गती इथे मंदावते त्याचं कारण हे.

पुरातत्त्वाचं कामही असंच आधी. पोकलेनने ठरावीक अंतरावर लांब चर काढून जमिनीचा साधारण दहावा भाग उघडतात, खुणा दिसल्या तरच पूर्ण उत्खनन. आव्रँकूरला निअँडरथल काळातली गारगोटीची हत्यारं मिळाली आहेत. चर बुजवताना सुपीक वरचा थर आणि खालची माती एकमेकांत मिसळली, तर त्या पट्ट्यात पुढची काही वर्षं गहू पिवळट दिसतो. दोन ढीग वेगळे ठेवायला जागा आणि वेळ लागतो, म्हणून घाईत पहिली काटछाट इथेच होते.

मार्कियाँजवळ बंदराची जागा. पलीकडे २०१२ मध्ये बंद झालेल्या हवाई तळावर मोठाली गोदामं आली आहेत. नोकऱ्यांची चर्चा सर्वांत जास्त या बाजूला. बांधकामातल्या नोकऱ्यांसाठी ‘कानाल एम्प्लुआ’ नावाची व्यवस्था स्थानिकांना प्रशिक्षण देऊन ठेकेदारांशी जोडते. यंत्रचालक, सुतार, सळई बांधणारे लागतात, पण टप्प्याटप्प्याने. एका टप्प्याची माती संपली की चालकाने शंभर किलोमीटर उत्तरेला जायचं की घरी बसायचं, हा प्रश्न उरतोच. कायमच्या नोकऱ्या धक्क्यावर नसतात, धक्क्याला लागून येणाऱ्या प्रक्रिया उद्योगात असतात. नुसती गोदामं आली तर हेक्टरी माणसं कमी आणि रस्त्यावर ट्रक जास्त.

कालव्याच्या विरोधकांचा एक मुद्दा इथे पटतो. अँटवर्प आणि रॉटरडॅमहून कंटेनर पॅरिसकडे आणणं सोपं झालं, तर ल हाव्हर या फ्रेंच बंदराचा धंदा कमी होऊ शकतो. आणि बार्ज ट्रकइतकीच मालगाडीचीही गिऱ्हाइकं पळवते. किती टन रस्त्यावरून हटले हे मोजताना रुळांवरून हटलेले वेगळे मोजायला हवेत.

पाचवा दिवस: वाझी-ल-व्हेर्जे ते ओबांशल-ओ-बाक

अंतर थोडं, उतार मोठा. वाझी-ल-व्हेर्जेचं लॉक कालव्याला पठारावरून सांसे नदीच्या दलदली खोऱ्यात उतरवणार आहे. पायाखाली पुन्हा तेच मऊ थर, शिवाय उंच भिंती आणि भरण्या-रिकामं करण्याचा दररोजचा दाब-फरक. इथे एकसारख्या खचण्याची भीती कमी, असमान खचण्याची जास्त, कारण दरवाजा काही मिलिमीटर कलला तरी कडेने पाणी मारतो.

ओबांशलला समोर डंकर्क-एस्को कालवा लागतो, त्यावर आजही मोठ्या बार्ज चालतात. कंटेनरचे तीन थर जावेत म्हणून नव्या कालव्यावरचे पूल पाण्यापासून ७ मीटर उंच ठेवले आहेत. तीन थरांची फेरी डंकर्क किंवा बेल्जियमपर्यंत जायची, तर पुढचे जुने पूलही तेवढेच उचलावे लागतील. प्रत्येक पूल उचलताना दोन्ही बाजूंचे चढरस्ते लांबतात आणि चढरस्त्याला लागून घरं असतात. त्या गावांची नावं १०७ किलोमीटरच्या नकाशावर नाहीत.